रविवारी दहाचा टँकर

त्या उन्हाळ्याची गोष्ट निघाली की दगडोबाच्या घरात अजूनही वाद होतो. टँकर पिवळा होता, असं याकोब म्हणतो. सिंधू म्हणते, निळा. सुमन दोघांनाही गप्प करते, "रंग कोण बघतंय? आमी पाइपाचं तोंड बघत होतो." टँकरची बातमी मात्र धाकट्या शमूनंच आणली आणि आणताना त्याची छाती चांगली फुगलेली होती, याबद्दल कुणाचं दुमत नाही.

शनिवारचं ऊन कलायला आलं होतं. फाट्यावर एस.टी.तून उतरून शमू, त्याची बायको शलोमी आणि तिच्या खांद्यावर पेंगुळलेली हन्ना अशी तिघं धुळीतून चालत आली. दुसऱ्या दिवशी हन्नाचा बाप्तिस्मा होता. त्यासाठीच दगडोबाच्या बायकोची, गुणाबाईची लेक सिंधू बिलोलीहून नांदेडमार्गे दोन गाड्या बदलून आदल्या दिवशीच पोचली होती आणि आल्यापासून थोरल्या भावजयीच्या, म्हणजे सुमनच्या, भाकरी जाड होतात हे तिचं सांगून झालं होतं. घर भरलं होतं. घागरी तेवढ्या रिकाम्या होत्या.

शमूनं पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"आई, पाणी आणलोय तुझ्यासाठी."

गुणाबाईनं त्याच्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं. "पिशवीत?"

"पिशवीत न्हाई गं. टँकर! लातूर जिल्हा झाला तवापासून समदं नव्यानं बसवायलेत. कुठल्या गावाला कुठला वार, ते आमच्याच टेबलावर ठरतंय. सायबानं इचारलं, धानोऱ्याला कुठला वार द्यायचा? मी हाय की तिथं बसलेला. म्हणलं, द्या रविवार. उद्यापासून दर रविवारी सकाळी दहाला. पक्कं."

सुमननं हातातलं सूप खाली ठेवलं. त्या वर्षी पाणी आणायला माळापलीकडच्या विहिरीपर्यंत जावं लागे, आणि घरातली ती पायपीट बहुतेक तिच्याच वाट्याला होती. "दर रविवारी? खरं सांगायलाव का भावजी?"

"खरं, वैनी. रविवारी खडी फोडायचं काम बंद असतंय, बायामाणसं घरी असत्यात. म्हणून मुद्दाम रविवार मागितला. सकाळी दहा म्हणजे समदे मोकळे."

दारात बसलेल्या याकोबनं मान वर केली. बाप गेल्यापासून देवळाची घंटा वाजवणं, चटया अंथरणं आणि लोकांच्या चुका काढणं ही तिन्ही कामं या थोरल्याकडं आली होती. तिसरं तो सगळ्यात मनापासून करी.

"शमू," तो म्हणाला, "रविवारी दहाला काय असतंय?"

शमूनं तोंड उघडलं. ते थोडा वेळ उघडंच राहिलं.

"उपासना," तो म्हणाला.

"सापडलं का? बरं झालं."

गुणाबाईच्या मांडीवर परात होती आणि हातात चाळणी. ती पीठ चाळत राहिली. घरातल्यांना वाटत होतं, कचेरीच्या घाईगर्दीत पोरगा विसरला. तिला तसं वाटलं नाही. ज्याचा रविवार सकाळी देवळात जातो, त्याला रविवारची दहाची वेळ मोकळी दिसतच नाही. तिथं आधीच कुणीतरी बसलेलं असतं. शमूला ती मोकळी दिसली. म्हणजे लातूरला गेल्यापासून त्याची रविवार सकाळ मोकळीच होती. दर खेपेला ती विचारी, "देवळात जातोस न्हवं?" आणि तो म्हणे, "हाव, आई." त्या सगळ्या 'हाव' तिनं मनातल्या मनात पुन्हा एकदा चाळल्या. वर कोंडाच राहिला.

शमू हा तिनं मागून घेतलेला मुलगा. सिंधूच्या पाठीवरची दोन लेकरं जगली नाहीत. मग शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, हन्नासारखं तिनंही देवाशी बोलणं केलं, दे, आणि दिलास तर तुझाच. म्हणून त्या हन्नाच्या लेकाचंच नाव ठेवलं, शमुवेल. तो पाळक व्हावा अशी तिची फार इच्छा होती. तो कारकून झाला. तिनं तेही मान्य केलं. देवालाही कारकून लागत असतील, एवढ्या जगाचा कारभार एकटा कुठवर पाहील?

वाद तोवर पेटला होता.

"उपासना अकराला करा," सुमन म्हणाली.

"पाळकसाहेब महिन्यातून एकडाव येतेत," याकोब म्हणाला. "दहाला धानोरा आन् लगेच पुढचं गाव. त्यांची फटफटी काय तुझ्या घागरीसाठी थांबणार हाय?"

"मग घागरी रांगेला लावून जाऊ."

"तू जा लावून. पाइप चालू झाला की ज्याची घागर त्यानं धरायची. धनी नसलेली घागर लाथेनं कुठल्या कुठं जाती."

"आमच्या बिलोलीकडं," सिंधू म्हणाली, "लोकं उपासनेला उशिरा येऊन राहिले, म्हणून पाळकानं दारच लावून घेतलं एकदा."

"तुझ्या बिलोलीचं इथं काय?" याकोब म्हणाला.

"काही न्हाई. आपलं सांगितलं."

सुमनला रडू आवरेना. "तुमाला समद्यांना देव दिसतोय. मला खांदा दिसतोय माझा. कसा झालाय बगा." तिनं पदर सरकवला. घागरीच्या काठानं खांद्यावर काळा वळ पडला होता. याकोब दुसरीकडं पाहू लागला. चुका काढायला तिथं काही नव्हतं.

मग शमू पुढं झाला. "ऐका. टँकरवर मी थांबतो. ड्रायव्हर नरसिंग माझ्या वळखीचा हाय. आपल्या आळीच्या समद्या घागरी मी भरून ठेवतो, कुणाची लाथ लागू देत न्हाई. तुमी निवांत उपासना करा."

"आणि बाप्तिस्मा?" शलोमीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. ती नांदेडची, रेल्वेतल्या माणसाची लेक. बोले कमी, पण बोले तेव्हा गाडी रुळावरच असे. "पाळक आईबापाला प्रश्न विचारतेत. या लेकराला देवाच्या वाटेनं वाढवाल का म्हणून. बाप कुठाय म्हणले तर?"

"दादा उभा राहील की. चुलता म्हणजे बापच."

"हां," याकोब घसा खाकरून म्हणाला, "तसं चालतंय म्हणा."

शलोमी नवऱ्याकडं पाहत राहिली. गुणाबाईनंही पाहिलं. शमूच्या चेहऱ्यावर तिला जे दिसलं, ते चुकलेल्या माणसाचं ओशाळेपण नव्हतं. तो सुटलेला दिसत होता. लहानपणी पाठांतर न करता आलेला असे, आणि मास्तर आजारी आहेत असं कळलं की अस्साच दिसे.

तिनं परात बाजूला सारली. चाळलेल्या पिठातली एक मूठ रोजच्यासारखी कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकली. ही मूठ देवाची. महिन्याला गाडगं भरलं की ते देवळात जाई आणि तिथून ज्याच्या चुलीत जाळ नाही त्याच्या घरी. त्या वर्षीच्या दुष्काळात सुमन कुरकुरली होती, "आत्या, आता आपलीच चूल तशी हाय." गुणाबाई म्हणाली होती, "मग आपलंच गाडगं आपल्याच घरी येईल. जाऊन येऊ दे की जरा." तिची भक्ती अशीच होती, घरच्या कामात कालवलेली. चूल पेटवताना एक शब्द, कुदळ उचलताना एक शब्द, आणि हरवलेली सुई सापडेपर्यंत देवाशी तक्रार.

"शलोमी," ती म्हणाली, "लेकरू सिंधूकडं दे. चल, पाणी मागून येऊ."

बाप्तिस्म्याचं पाणी मागून आणायची रीत दगडोबाची. बहात्तरच्या दुष्काळात, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी खाल्ल्या त्या वर्षी, कुणाच्याशा लेकराचा बाप्तिस्मा आला आणि तांब्याभर पाणी एका घरावर कसं टाकायचं, असा प्रश्न पडला. तेव्हा दगडोबा तांब्या घेऊन दारोदार फिरला. ज्यानं त्यानं ओंजळभर घातलं. मग पाऊसपाणी चांगलं झालं तरी रीत राहिली. दगडोबा म्हणे, लेकराच्या डोक्यावर समद्या आळीचं पाणी पडलं की ते कुणा एकाचं राहत न्हाई.

दगडोबाचं नावही एकदा पाळकानं बदलायला काढलं होतं. म्हणाले, पेत्र ठेवू, पेत्र म्हणजे खडक. दगडोबा म्हणाला, "मग आता काय हाय ते? दगडच की." आणि तो शेवटपर्यंत दगडोबाच राहिला. तीन हिवाळ्यांमागं गेला. लातूर रोडच्या स्टेशनावरून त्यानं खांद्यावर आणलेला रुळाचा तुकडा अजून देवळासमोरच्या लिंबाला टांगलेला होता. तीच धानोऱ्याच्या देवळाची घंटा.

दोघी दारोदार फिरल्या. कुणी फुलपात्रानं घातलं, कुणी वाटीनं. शेवटी पलीकडच्या बौद्ध आळीतली सरजाबाई दारातच उभी होती. तिची आणि गुणाबाईची मैत्री दोघी नव्या सुना असल्यापासूनची. छप्पन साली सरजाबाईच्या घरानं बुद्धाची वाट धरली, दगडोबाचं घर त्याच्या आधीपासून येशूच्या वाटेला होतं. भांडणं दोघींनी फक्त सरपणावरून केली.

"आमचं पाणी चालतंय का तुमच्या देवाला?" सरजाबाईनं विचारलं.

"त्याला चालतंय. तुला परवडतंय का ते बघ."

सरजाबाईनं हसून वाटी उपडी केली. "उद्या टँकर हाय म्हणं. तुझ्या पोरानं आणलाय. पोरगं कामाचं निघालं बाई."

"हाव," गुणाबाई म्हणाली. "कामाचंच हाय ते."

परतताना तांब्या शलोमीच्या हातात होता. ती सांभाळून चालत होती, तरी पाणी काठाला लागत होतं.

"आत्या," ती म्हणाली, "लातूरात ह्यांचं…"

"सांगू नको."

"तुमाला ठाऊक हाय?"

"ठाऊक हाय म्हणूनच सांगू नको. बायकोनं सासूजवळ नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगितलं की घरात त्याला बसायला जागा राहत न्हाई. तू जातीस न्हवं?"

"जाते. हन्नाला घेऊन. हे दारापर्यंत सोडायला येतेत. मग म्हणतेत, तू हो पुढं."

दारापर्यंत येतो, हे गुणाबाईनं लक्षात ठेवलं.

"शमूचा बाप्तिस्मा झाला तवा," ती जरा वेळानं म्हणाली, "पाळकानं ह्याच्या बापाला इचारलं, लेकराला शास्त्र शिकवशील का? तवा समदे 'हो, देवाच्या साहाय्यानं' म्हणायचे. छापील उत्तर होतं ते. हे म्हणले, मला वाचाया येत न्हाई. गुणा वाचती. ती वाचील, मी ऐकीन, माझ्या बाजूला बसून हा बी ऐकील. समदं देऊळ हसलं. पाळक न्हाई हसले. म्हणले, आमेन." ती थांबली. "किती वर्सं बसले दोघं बाजूबाजूला. कंदिलाच्या उजेडात ह्याचं डोकं त्यांच्या मांडीवर पडायचं, तरी हे म्हणायचे, वाच तू, झोपेत बी ऐकू जातंय त्याला."

शलोमीनं तांब्यावर पदर धरला, धूळ जाऊ नये म्हणून.

रविवारी सकाळी पाळकांची फटफटी आणि टँकर एकाच वेळी गावात शिरले. याकोबनं रुळावर पहिला टोला हाणला आणि तिकडं पारापाशी घागरींचा गलका उठला. घरची मंडळी धुतल्या कपड्यांत देवळाकडं निघाली. शमू मात्र पँटचे पाय वर दुमडून टँकरकडं गेला. जाताना त्यानं हन्नाच्या गालाला बोट लावलं. शलोमीनं पोर दुसऱ्या खांद्यावर घेतली.

गुणाबाईनं पांढरं लुगडं नेसलं होतं. सिंधूच्या हाताला धरून ती देवळाच्या पायरीपर्यंत आली. आत चटया अंथरलेल्या होत्या, मधोमध पाटावर तो तांब्या. खिडकीजवळची तिची जागा तिची वाट पाहत होती. बाळंतपणं आणि दगडोबाच्या शेवटच्या आजारपणाची वेळ सोडली, तर त्या जागेवर ती नाही असा रविवार कुणी पाहिलेला नव्हता. आणि आज तर तिच्या मागून घेतलेल्या लेकाच्या लेकीचा दिवस.

तिनं चप्पल काढली. मग पुन्हा घातली.

"आई?" सिंधू म्हणाली.

"तू बस. सुमनला म्हणावं, गाणं लांबवा. दोन-तीन जास्तीची घ्या."

"आन् तू कुठं चाललीस?"

"पाण्याला," गुणाबाई म्हणाली आणि वळली.

देवा, तिनं वाटेत सांगितलं, आज माझी जागा रिकामी दिसेल. तिथं मी दुसऱ्याला पाठवायलेय. त्याला यायला जड जाईल, तू जरा सरकून बस.

टँकरपाशी जत्रा भरली होती. पाइपाच्या जोडावर सायकलीची ट्यूब बांधलेली, तिच्यातून पाण्याची चिळकांडी चहूकडं उडत होती. शमूनं पाइप दोन्ही हातांनी धरला होता आणि नरसिंग ड्रायव्हर टपावर बसून "एकेक, बाया, एकेक" म्हणत होता. त्याचं कुणीच ऐकत नव्हतं.

सरजाबाईनं तिला आधी पाहिलं. "गुणा? रविवारी? देव हाय का गेला गावाला?"

"हाय. मलाच जरा बाहेर काढलंय." तिनं पदर खोचला. "शमू, पाइप दे."

शमू दचकला. "आई, तू इथं काय करायलीस? उपासना सुरू झाली."

"ऐकू यायलंय मला. दे पाइप."

"मी भरायलोय की."

"तुला तिकडं बोलावलंय. चालू पाण्यात वाद घालू नको, सांडायलंय."

पाण्याची गोष्ट बिनतोड होती. त्यानं पाइप तिच्या हातात दिला, पण तो हलला नाही. पुढच्या घागरीत पाणी पडायला लागलं तसं त्या आवाजाआड दोघांना बोलता आलं.

"दादा उभा राहतो म्हणलाय," तो म्हणाला.

"दादा चुलता हाय."

"आई…"

"रविवारी दहाला माणसं मोकळी असत्यात, हे तुला ठाऊक होतं. कालच कळलं मला."

शमूनं खाली पाहिलं. त्याच्या पायांभोवती चिखल झाला होता, त्या कोरड्या वर्षातला पहिला.

"रागावलीस?"

"घागर बदल."

त्यानं भरलेली उचलली, रिकामी लावली. ती सुमनची होती, काठाला पोचा आलेली.

"एका रविवारी काम होतं कचेरीत," तो म्हणाला. "खरंच होतं. न्हाई गेलो. मला वाटलं, आता मनाला लागंल. काही झालं न्हाई, आई. पुढल्या रविवारी बी न्हाई गेलो. तवा बी काही झालं न्हाई. तेच लई वाईट. रागावलं असतं कुणी तर माफी मागून आलो असतो. काहीच झालं न्हाई."

गुणाबाईला वाटलं होतं, शहरात सोबत बिघडली असेल, कुणी थट्टा केली असेल. त्यावर बोलायचं तिनं ठरवून ठेवलं होतं. यावर तिच्याजवळ काही ठेवलेलं नव्हतं.

"दारापर्यंत जातोस म्हणं."

"शलोमीनं सांगितलं?"

"मीच काढून घेतलं. दारापर्यंत जाऊन काय करतोस?"

त्यानं पुढची घागर लावली. "गाणं ऐकतो बाहेरून. मग चहा पितो समोर." मग एकदम म्हणाला, "आई, ते इचारतील, देवाच्या वाटेनं वाढवशील का. मी 'हो' म्हणू? एवढ्या माणसांत, पोरगी हातात घेऊन, खोटं बोलू?"

"खोटं बोल म्हणून कोण म्हणलं? तुझ्या बापानं तरी कुठं छापील उत्तर दिलं होतं. जे हाय ते सांग. थोडंच असंल तर थोडंच सांग. देवाला थोडक्यात भागवायची सवय हाय. पर उभा राहा. लेकरानं मोठं होऊन इचारलं, माझ्या डोक्यावर पाणी पडलं तवा बाबा कुठं होता, तर मी काय सांगू? टँकरवर होता?"

"आन् तू? तू न्हाई बघणार?"

हा प्रश्न तिला लागला. देवळातून गाण्याचा सूर येत होता. सुमननं तिसरं गाणं घेतलं होतं आणि आवाज सगळ्यांच्या वर चढवला होता. पांढरं लुगडं तिनं त्या पोरीसाठी चार दिवसांपासून घडी घालून उशाखाली ठेवलं होतं.

"मी तुझा बघितला," ती म्हणाली. "तुझा बघितला तवा हिचा बी बघितल्यातच जमा हाय. जा आता. पाय धू, चिखल घेऊन जाऊ नको. आन् पाणी लई घालवू नको पायावर."

शमूनं ओंजळभर पाणी पायावर घेतलं. मग तो आधी चालत आणि पाराच्या पलीकडून पळत गेला.

"सरळ गेला का गं?" गुणाबाईनं विचारलं. पाइपामुळं तिला वळता येत नव्हतं.

"लिंबापाशी थांबला," सरजाबाई म्हणाली. ती आता घागरी लावून द्यायला शेजारी उभी होती. "उभाच हाय."

गुणाबाईनं डोळे मिटले नाहीत. घागर भरत आली होती.

"हाय का अजून?"

"हाय."

"आता?"

"आता दिसंना बाई. एक तर आत गेला न्हाई तर मागून पळाला. तुझंच लेकरू हाय, तूच वळख."

गाणं थांबलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. घागरी भरत राहिल्या, भांडणं चालू राहिली. कुणाचा तरी तांब्या गडगडत गेला. जोडावरची ट्यूब सुटली आणि पाण्याचा फवारा गुणाबाईच्या अंगावर आला. नरसिंग टपावरून ओरडला. सरजाबाईनं ट्यूब धरली, गुणाबाईनं पाइप सोडला नाही. डोक्यावरून पाणी निथळत असताना तिचे कान तेवढे कोरडे होते, देवळाकडं लागलेले.

बाप्तिस्मा झाला की लेकराच्या बापानं बाहेर येऊन रुळावर टोले द्यायचे, ही दगडोबाचीच दुसरी रीत. गावाला कळावं, माणूस वाढलं. बाप नसला तर याकोब वाजवायचा. याकोबचा टोला जड, एकसारखा, हिशेब मांडल्यागत. शमू डावरा होता. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तो वाजवी तेव्हा हातोडी नेहमी कडेला लागे आणि रूळ वाजण्याऐवजी किंचाळे. दगडोबा म्हणे, देवा, कान झाक, माझं लेकरू येतंय.

टण्ण, असा कडेला लागलेला, वेडावाकडा आवाज गावभर गेला. मग दुसरा, तसाच.

गुणाबाईच्या पाइपाखालची घागर भरून वाहायला लागली.

"ए गुणा," सरजाबाई म्हणाली, "सांडायलंय."

"सांडू दे," गुणाबाई म्हणाली. आळीतल्या कुणीही तिच्या तोंडून असं त्या वर्षी ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळानं सगळी मंडळी तिकडंच आली. पुढं शमू, त्याच्या हातात हन्ना. पोरीच्या कपाळावरचे केस ओले होते, थेंबभर पाणी अजून कानापाशी होतं. मागून याकोब तोंड वाकडं करून, कारण आयत्या वेळी त्याला खाली बसायला लागलं होतं आणि आईनं उपासना चुकवली होती; कुणावर आधी रागवावं हे त्याचं ठरत नव्हतं.

सरजाबाईनं पोरीकडं पाहिलं, मग नखशिखांत भिजलेल्या गुणाबाईकडं. "काय गं, बाप्तिस्मा नेमका कुणाचा झाला? पोरीला थेंब आन् आज्जीला टँकर."

आधी सुमन हसली, मग शलोमी, मग पाळकसाहेबही, फटफटीला किक मारता मारता. याकोबनं हसू आवरलं, पण जमलं नाही.

गुणाबाईनं ओल्या हातानं पोरीचं डोकं चाचपलं. "काय म्हणलास?" तिनं हळूच विचारलं.

"म्हणलं, मलाच सध्या वाट नीट दिसंना. पर हिला एकटीला चालू देणार न्हाई, हिच्यासंगं चालीन."

"मग?"

"पाळक थांबले जरा. मला वाटलं, आता बसवतेत खाली. मग म्हणले, आमेन."

गुणाबाईनं पदर पिळला. त्यातून निघालेलं पाणीही तिनं पाराच्या कडेच्या झाडाच्या आळ्यात पडेल असं पाहिलं. सुमन आपल्या भरलेल्या घागरींकडं पाहत उभी होती. त्या उचलायला आज पहिल्यांदाच याकोब पुढं झाला होता.

"आई," शमू म्हणाला, "उद्याच सायबाला सांगून वार बदलून घेतो. सोमवार करतो."

सुमनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "भावजी, बदलाबदलीत टँकरच गेला तर?"

"काही बदलायचं न्हाई," गुणाबाई म्हणाली. "रविवारच राहू दे. टँकरवर एकेकानं पाळीपाळीनं थांबायचं. आज माझी झाली, पुढल्या खेपेला याकोब."

"मी?" याकोब म्हणाला.

"तुझं वाजवणं ऐकून कंटाळा आलाय लोकांना."

"आन् माझी पाळी कवा?" शमूनं विचारलं.

गुणाबाईनं नरसिंगकडं पाहिलं. तो टपावरून उतरून पाइप गुंडाळत होता. टँकर लातूरहून निघतो, पहाटेच निघत असणार, आणि बरोबर दहाला धानोऱ्यात पोचतो.

"तुझी देवळात," ती म्हणाली. "ड्रायव्हरच्या बाजूला एक सीट रिकामीच असती की."